मंबाजीची बाग

दिवाळीच्या चार दिवसांत आपल्याकडे घराघरांतून जी फराळाची ताटे हिंडतात, त्यांचा हिशेब घरातली बाई अगदी चोख ठेवते. कोणाकडे करंज्या गेल्या, कोणाचे ताट रिकामे परत न धाडता त्यात बत्तासे घालून पाठविले, कोणाच्या अनारशांना यंदा जाळी पडली नाही, हे सारे तिच्या ध्यानात असते. आणि बहुधा प्रत्येक आळीत एक दार असे असते की तिकडे ताट जात नाही. गंमत अशी की हे दार लांबचे नसते. अगदी लगतचे असते. लांबच्या माणसाशी वैर धरायला सवड कोणाला आहे? वैराला सामाईक भिंत लागते. ती नसेल तर निदान एक पन्हाळ तरी लागते. आमच्या वऱ्हाडात शेतकऱ्याला त्यासाठी धुरा पुरतो. एका तासाचा धुरा कोरला गेला म्हणून दोन पिढ्या एकमेकांच्या लग्नाला न गेलेली घराणी या जिल्ह्यात शोधावी लागत नाहीत.

या न उघडणाऱ्या दाराविषयी आपल्या वाङ्मयाने काय सांगितले आहे? प्रश्न साधा आहे, पण उत्तर शोधू लागलो की हाताला फारसे लागत नाही. भाऊबंदकी आपल्या नाटक-कादंबऱ्यांतून उदंड आहे. सासू-सुनेचे वैर तर मराठी कथेचे पोट भरीत आले. शेजाऱ्याचे वैर मात्र आपण विनोदाकडे सोपवून मोकळे झालो. चाळीतला नळ, जिन्यातला उकिरडा, दुसऱ्याच्या घरात वाकून पाहण्याची हौस, एवढ्यावर विनोदी लेखकांनी हात मारला. पु. ल. देशपांड्यांची ‘बटाट्याची चाळ’ १९५८ साली आली आणि शेजार म्हणजे चाळ, चाळ म्हणजे हसू, असे समीकरणच झाले. पुस्तक गोड आहे यात शंका नाही. परंतु चाळीत भांडण वाटले जाते. तीस बिऱ्हाडे असली म्हणजे आज यांच्याशी अबोला, उद्या त्यांच्याशी, आणि गणेशोत्सवात सगळ्यांशी गळाभेट. दोनच घरे आणि मध्ये एक भिंत, असे असले म्हणजे भांडणाला जायला दुसरी जागाच नसते. त्या भांडणाला प्रेक्षक नाहीत आणि हसूही नाही.

मला या विषयाचा नाद लागण्याचे कारण घरगुती आहे, ते सांगून टाकतो. अमरावतीच्या जुन्या वस्तीत, परकोटाच्या आतल्या बाजूला, आमचे घर आहे. तेथली घरे एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभी असतात. एकाने खिळा ठोकला की दुसऱ्याच्या देवघरातला फोटो हलतो. आमच्या लगतच्या घरी जे गृहस्थ आहेत त्यांचे नाव येथे सांगण्याचे कारण नाही. त्यांनी आपल्या गच्चीची पन्हाळ आमच्या ओट्यावर सोडली, आमच्या तुळशीच्या कुंडीत रोज चहाचा चोथा टाकला, आमच्या घरी पाहुणे आले की रेडिओ मोठा केला, आणि एका पावसाळ्यात आमच्या दाराशी मुरुमाचा ढीग आणून टाकला तो पुढल्या पावसाळ्यापर्यंत उचलला नाही. यात मोठे असे काहीच नाही, हे मी जाणतो. पण लहान लहान गोष्टींनी रोज छळणाऱ्या माणसाचे काय करायचे, याला मोठ्या गोष्टींपेक्षा अवघड उत्तर लागते. मुरुमासाठी कोणी फौजदारी करीत नाही.

सल्ला देणारे पुष्कळ भेटले. एक पेन्शनर स्नेही नकाशे आणि नगरपालिकेच्या पावत्या घेऊन वकिलाकडे चला म्हणाले. शेजारच्या गल्लीतल्या एक आजी, ज्यांनी तीन मालकांचे राज्य पाहिले आहे, म्हणाल्या, “जाऊ दे नं बाप्पा, त्यायच्या नांदी काहून लागतं?” आणि बाकी सगळ्यांनी, अगदी सगळ्यांनी, तुकोबांची गोष्ट सांगितली. मंबाजीने काट्यांनी मारले आणि तुकोबा उलट त्याचेच अंग दाबायला गेले, ही ती गोष्ट. भजनी मंडळातल्या मित्राने तर ती इतक्या वेळा सांगितली की अखेर मी पोथीच काढून बसलो. ज्या गोष्टीच्या आधारे मला गप्प बसायला सांगतात ती गोष्ट खरोखर गप्प बसायला सांगते का, हे पाहायचे होते. वाङ्मयाच्या वाचकाला एवढा हक्क असावा.

ही गोष्ट मराठी घरांत पोहोचविली ती ताहराबादच्या महिपतीबोवांनी. त्यांचा ‘भक्तविजय’ १७६२ सालचा आणि ‘भक्तलीलामृत’ १७७४ सालचे. म्हणजे तुकोबा १६५० साली गेले त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी. कथा आपण जाणतो ती अशी. देहूस विठ्ठलाच्या देवळालगत मंबाजी गोसावी राहत होता. त्याचा मठ होता, शिष्य करण्याचा व्यवहार होता, आणि तुकोबांच्या कीर्तनाने त्या व्यवहाराला उतरती कळा लागली होती. तरीही हा मनुष्य रोज कीर्तनाला येत असे. त्याने एक लहानशी बाग केली आणि तिला काट्यांचे कुंपण घातले. तुकोबांच्या सासऱ्याने मुलीच्या घरी दूधदुभते असावे म्हणून एक म्हैस दिली होती. ती म्हैस कुंपण मोडून बागेत शिरली आणि तिने रोपे तुडविली. मंबाजीने शिव्यांची लाखोली वाहिली. पुढे कुंपणाचे काटे देवळाच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर आले. एकादशीची यात्रा लोटणार, लोकांच्या पायांत काटे मोडणार, म्हणून तुकोबांनी ते उचलून बाजूला केले. मंबाजीने पाहिले आणि तीच काटेरी फांदी घेऊन तुकोबांना झोडपले. तुकोबा बोलले नाहीत. घरी आवलीने अंगातले काटे काढले. रात्री कीर्तनाला मंबाजी आला नाही, तेव्हा तुकोबा त्याच्या घरी गेले, मला मारून तुमचे हात दुखले असतील म्हणून त्याचे अंग दाबू लागले, आणि मंबाजी ओशाळून कीर्तनाला आला.

आता ही कथा फिर्याद वाचावी तशी सावकाश वाचून पाहा. पहिली गोष्ट म्हणजे म्हैस. कीर्तनकार घाईत असले की म्हैस गाळतात आणि थेट काट्यांवर येतात; महिपतींनी ती गाळलेली नाही. पहिले नुकसान तुकोबांच्या घरून झाले आहे! ज्याने रोपे लावली, पाणी घातले, त्याची बाग दुसऱ्याच्या गुराने तुडविली तर त्याचा संताप होणार. गोसावी असला म्हणून काय झाले? उलट कुंपणाचे काटे वहिवाटीच्या वाटेवर आले, ही मंबाजीची बाजू लंगडी. दिवाणी कोर्टात नेले असते तर म्हशीचा दावा एकाने जिंकला असता आणि वाटेचा दुसऱ्याने. भक्तकथा लिहिणाऱ्याला एवढा तोल सांभाळण्याचे काही कारण नव्हते. दुष्ट तो दुष्ट म्हटले असते तरी श्रोत्यांनी माना डोलावल्याच असत्या. महिपतींच्या ओवीला काव्यदृष्ट्या नाके मुरडणारे टीकाकार आहेत. पण शेजारचे भांडण कसे सुरू होते हे त्यांच्याइतके कोणी नेमके टिपलेले मला आढळले नाही. ते दुष्टपणातून सुरू होत नाही. ते म्हशीतून सुरू होते.

दुसरी गोष्ट अशी की तुकोबांनी काटे उचलले. गप्प बसण्याचा सल्ला देणारे हे विसरतात. म्हैस बागेत गेली तेव्हा शिव्या ऐकून घेणारा हा मनुष्य वाट अडली तेव्हा मंबाजीची परवानगी मागायला गेला नाही. स्वतःच्या अपमानापुरते सोसणे आणि यात्रेकरूंच्या पायाची गोष्ट आली तेव्हा वाकून काटे काढणे, यांत फरक आहे. मार पडला तो सोसल्याबद्दल पडलेला नाही. वाट मोकळी केल्याबद्दल पडला आहे. आणि मार खाल्ल्यावर त्यांनी काटे परत वाटेवर नेऊन ठेवले असे महिपती कोठेही म्हणत नाहीत.

तिसरी गोष्ट मात्र मला महिपतींवर रुष्ट करते, आणि ती आवलीची. अंगातले काटे कोणी काढले? म्हशीचे दूध कोण काढीत होते, ते कोणाच्या पोरांना हवे होते? तिच्या बापाने दिलेल्या म्हशीवरून सारा प्रकार झाला आणि क्षमा करून नवरा निघाला तो मारणाऱ्याच्या घरी पाय चेपायला. ती मागे काय करीत बसली असेल? परंपरेने तिला कजाग ठरवून टाकले आहे, म्हणून हा प्रश्न कोणी विचारीत नाही. घरातल्या एकाने क्षमा केली की तिची किंमत घरातले सगळे मोजतात, हे ज्याच्या घरी पन्हाळ गळते त्याला ठाऊक असते. ओटा धुणारी व्यक्ती आणि ‘जाऊ द्या’ म्हणणारी व्यक्ती सहसा एक नसते.

येथवर महिपती. पण मंबाजीचा आणखी एक साक्षीदार आहे आणि तो डोळ्यांनी पाहिलेला आहे. बहिणाबाई शिऊरकर, वेरूळजवळच्या देवगावच्या. खानदेशच्या बहिणाबाई चौधरी नव्हेत, त्या थेट आपल्या काळातल्या. शिऊरच्या बहिणाबाईंचा जन्म १६२८ चा. तुकोबांना त्यांनी स्वप्नात गुरू मानले आणि नवरा, आईबाप, गाय असा सगळा संसार घेऊन त्या देहूस आल्या. आपली ही हकीकत त्यांनी अभंगांतून स्वतः सांगितली आहे. एका बाईने स्वतःचे आयुष्य स्वतः सांगावे, तेही सतराव्या शतकात, एवढ्याने ते अभंग वाचावेत. पण आपल्या विषयासाठी त्यांतला मंबाजी पाहण्यासारखा आहे.

गावात नवे बिऱ्हाड आले. उतरायला जागा हवी म्हणून ते मंबाजीच्या घरी विचारायला गेले, तर त्याने त्यांना घालवून दिले. पुढे यांनी आपले शिष्य व्हावे असे त्याच्या मनात आले. आमचा गुरू तुकोबा, असे उत्तर मिळाल्यावर त्याला आगच लागली. ब्राह्मणाने शूद्राला गुरू करावे! त्याने पुण्याच्या आप्पाजी गोसाव्याला पत्र लिहिले की अशा अशा लोकांना शिक्षा व्हावी. आणि मग त्याने बहिणाबाईंची गाय चोरून नेली, घरात कोंडली, उपाशी ठेवली आणि तिला मारले. गायीच्या पाठीवरचे वळ तुकोबांच्या पाठीवर उठले, असे बहिणाबाई सांगतात. अखेर मंबाजीच्या घराला आग लागली, लोक विझवायला धावले, तेव्हा आतून गायीचा हंबरडा ऐकू आला आणि चोरी उघडी पडली.

वळांचा चमत्कार ज्याला मानायचा त्याने मानावा. माझे लक्ष आहे ते पत्राकडे. महिपतींचा मंबाजी रागीट आहे, हात उगारतो, मग ओशाळतो. बहिणाबाईंचा मंबाजी कागद लिहितो. त्याला ठाऊक आहे की गावाबाहेर कोठेतरी एक जागा आहे, तेथे आपली जात आणि आपला शब्द चालतो. तुकोबांना अशी जागा नव्हती. त्यांनी कोणाकडे पत्र लिहायचे? तुकोबांची क्षमा वाचताना हा कागद डोळ्यांसमोर ठेवला की मन चरकते. जे आपण क्षमा म्हणून पिढ्यान्‌पिढ्या गातो ते निरुपायाचे दुसरे नाव तर नव्हे? शिवाय हा मंबाजी ओशाळत नाही. बहिणाबाईंच्या हकिकतीत त्याचा पश्चात्ताप नाही; चोरी सापडते, एवढेच. शंभर वर्षांनंतरच्या कथेकऱ्याला शेवट गोड करावासा वाटला, आणि जिची गाय गेली तिला तो गोड करता आला नाही.

तरी मी त्या प्रश्नाचे उत्तर ‘निरुपाय’ असे देणार नाही, आणि त्याचे कारण कथेतच आहे. निरुपाय झालेला मनुष्य छळणाऱ्याच्या दारावरून जाताना नजर चुकवतो. मी स्वतः तेच करीत आलो आहे. तुकोबा त्या दारात गेले. का गेले? मंबाजी चांगला म्हणून नव्हे. आपल्या कीर्तनातला रोजचा श्रोता उठून गेला, तो त्यांना सोडवेना. वैरी असूनही मंबाजी रोज येऊन बसत होता, हा महिपतींनी ओझरता सांगितलेला तपशील साऱ्या कथेचा प्राण आहे. या दोघांमध्ये भिंतीखेरीज आणखी एक गोष्ट सामाईक होती, ती म्हणजे ते कीर्तन. माझ्या शेजाऱ्यात आणि माझ्यात तशी एकही गोष्ट नाही. म्हणून मला तुकोबांसारखे वाग म्हणणाऱ्यांनी आधी आमच्या दोघांत काय सामाईक आहे ते दाखवून द्यावे.

आळंदीचा विसोबा चाटी, ज्याने कुंभाराकडून मांड्यांसाठी भांडे मिळू दिले नाही आणि पुढे त्याच भावंडांचा भक्त झाला. पैठणला नाथमहाराजांवर पुनःपुन्हा थुंकणारा तो यवन. या कथा याच जातीच्या, पण त्यांत म्हैस नाही. छळणारा सुरुवातीपासून छळणारा आहे आणि शेवटी शरण आहे. त्यांविषयी अधिक लिहिण्यासारखे मला काही दिसत नाही.

प्रभातच्या ‘संत तुकाराम’ने १९३६ साली मंबाजीला बाजूला सारून साळोमालोला पुढे आणले. दामले-फत्तेलालांचा तो बोलपट दुसऱ्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला आणि विष्णुपंत पागनीसांच्या चेहऱ्यानेच आज आपण तुकोबांना ओळखतो. गौरीबाईंच्या आवलीत म्हैस आणि भाकरी यांचे मोल पडद्यावर आले, हे त्या बोलपटाचे मोठेच ऋण. महिपतींनी जे टाकले होते ते तिने उचलले. पण साळोमालो हा नाटकी खलपुरुष. त्याला पाहून थिएटर हसते आणि त्याचा तिरस्कार करते. त्याच्या जागी स्वतःला कोणी पाहात नाही. बाग गेली, आणि बागेबरोबर शेजारही गेला.

प्रभातनेच १९४१ मध्ये व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली ‘शेजारी’ काढला. त्यातला मिर्झा रंगविला गजानन जागीरदारांनी, आणि ते १९०७ साली आमच्या अमरावतीत जन्मलेले, हे सांगताना माझी मान थोडी ताठ होते. त्यांच्यासमोर पाटलाच्या भूमिकेत केशवराव दाते. हिंदू आणि मुसलमान असे दोन म्हातारे जिवलग शेजारी. गावात धरण बांधायला आलेल्या ठेकेदाराला त्यांची एकी आड येते, तो संशय पेरतो, आणि धरण फुटते तेव्हा दोघे एकमेकांना गाठून पाण्यात जातात. १९४१ साली असे चित्र काढायला छाती लागत होती. पण टीकाकार म्हणून एक तक्रार नोंदवितो. या चित्रात वैर बाहेरून येते. ठेकेदार नसता तर मिर्झा आणि पाटील जन्मभर बुद्धिबळे खेळत बसले असते, असे ते आपल्याला समजावते. देशाच्या मोठ्या भांडणापुरते ते तेव्हा सांगण्याजोगे होते; दोन घरांच्या भांडणाला ते लागू पडत नाही. पन्हाळ कोणा ठेकेदाराने सोडलेली नसते.

आता जे पुस्तक हातात घेतल्यावर मी बाकी सगळे बाजूला ठेवले त्याकडे येतो. ते आमच्याच जिल्ह्यातले आहे. मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपुरास तेराव्या शतकात गोविंदप्रभू राहत होते. गुंडम राऊळ हे त्यांचे दुसरे नाव, चक्रधरांचे ते गुरू. त्यांच्या लीळांचा संग्रह म्हाइंभटांचा मानतात. तीनशेहून अधिक छोटे छोटे प्रसंग, कित्येक तर चार ओळींचे. विष्णु भिकाजी कोलते यांनी तो मराठी वाचकांपुढे सिद्ध करून ठेवला आणि अॅन फेल्डहाउस यांच्या १९८४ च्या भाषांतराने तो इंग्रजीतही गेला. आता तर रिद्धपुरास मराठी भाषेचे विद्यापीठ उभे राहिले आहे, आणि मराठी गद्याचा उगम दाखवायला पाहुण्यांना तिकडे नेतात. नेतात ते ठीक; पण पुस्तक वाचून न्यावे.

कारण या पुस्तकात त्रासदायक शेजारी कोण आहे? देव आहे. गोविंदप्रभू कोणाच्याही घरात शिरतात. चुलीवरच्या भांड्यात काय आहे ते पाहतात आणि खातात. बाजारात मांडलेल्या मालाला हात घालतात. मनात आले की हसतात, आले की शिव्या देतात. महारामांगांच्या घरी जातात आणि तेथून निघून सरळ ब्राह्मणाच्या घरात येतात. गाव त्यांना वेडा म्हणते. म्हाइंभटांनी हे काही झाकलेले नाही. ज्याला ते ईश्वराचा अवतार मानतात त्याच्याविषयी शेजाऱ्यापाजाऱ्यांची कुरकुर त्यांनी जशीच्या तशी लिहून ठेवली आहे. आठवणींत फरक पडला तर दुसरा पाठही नोंदवून ठेवायचा, ही महानुभाव लेखकांची शिस्त होती. तक्रारीच्या बाबतीतही ते तितकेच प्रामाणिक राहिले. वाक्ये आखूड, विशेषण नाही, उपदेश नाही. बाई स्वयंपाक करीत होती, ते आले, त्यांनी खाल्ले, ती रागावली: असे. वाचताना कधी तिची बाजू पटते, कधी त्यांची, आणि लेखक मध्ये येत नाही.

आणि याच माणसाला तेच गाव आई आणि बाप म्हणते. मांगांनी पाण्याचे दुःख त्यांच्यापाशी सांगितले तेव्हा विहीर कोठे खणायची ती जागा त्यांनी दाखविली. एखाद्या घरची बाई अडली तर ते सुइणीचे काम करतात. रिद्धपुरात हा उपद्रव आणि हा आधार एकाच अंगणातून चालत येत होते, आणि लोकांनी एक घेताना दुसरे सोसले. संतचरित्रांत छळणारा वेगळा आणि संत वेगळा. येथे दोघे एक झाले आहेत. शेजाऱ्याविषयी आपल्या भाषेत यापेक्षा खरे पुस्तक मी वाचलेले नाही. याला केवळ ‘आद्य गद्य’ म्हणून अभ्यासक्रमात कोंडून ठेवणे म्हणजे मंबाजीने गाय कोंडण्यासारखेच आहे.

रिद्धपूर, आणि त्याच जिल्ह्यात शेंडगाव, जेथे १८७६ साली गाडगेबाबा जन्मले. हा मनुष्य गावात शिरला की आधी खराटा हाती घेई. दोन घरांमधली बोळ, जी ‘त्यांची’ म्हणून यांनी झाडायची नाही आणि ‘यांची’ म्हणून त्यांनी झाडायची नाही, ती तो झाडी. तुकोबांनी वाटेवरचे काटे काढले त्याचा हा विसाव्या शतकातला अर्थ मला वाटतो. २००७ च्या १५ ऑगस्टपासून सरकारने महात्मा गांधींच्या नावाने तंटामुक्त गावाची मोहीम काढली, समित्या झाल्या, पुरस्कार वाटले. तिच्याने कित्येक धुऱ्यांचे दावे मिटले असतील. पण समितीपुढे जायला निदान दावा लागतो. चहाच्या चोथ्याचा दावा होत नाही; त्याची फक्त कादंबरी होऊ शकते.

ती मराठीत झालेली नाही. दोन घरे, मध्ये मातीची भिंत, एका बाजूला आवली आणि दुसऱ्या बाजूला मंबाजीची बायको, जिचे नाव कोणीच लिहून ठेवलेले नाही. म्हाइंभटांसारखी आखूड वाक्ये, आणि बोली आमची वऱ्हाडी. एका प्रकरणात भिंतीच्या अलीकडून, दुसऱ्यात पलीकडून. येत्या एखाद्या दिवाळीपर्यंत कोणी ती लिहिली तर मी दोन प्रती विकत घेईन, आणि दुसरी प्रत फराळाच्या ताटाखाली ठेवून लगतच्या दारी पाठवून देईन.